येते हं

सकाळी दारातच चारुदत्तने बायकोची सॅक उघडून आतल्या वस्तूंची यादी मोठ्याने वाचली होती. "दोन पंप, एक स्पेसर, मोज्यांचे तीन जोड, थर्मास, पोळीचे रोल, बँडेज, ओआरएस आणि ही काय, हळद? सुमेधा, लोअर हटमधल्या आपल्या घरापासून अर्ध्या तासावर चालला आहात तुम्ही. मादागास्करला नाही."

"हस तू. रक्त आलं म्हणजे कळेल हळद कशाला ते."

"श्रिया, आईला सांग, जंगलात डबा उघडला तर लेमूर येतील रोल मागायला."

"बाबा, देअर आर नो लेमर्स इन न्यूझीलंड," आठ वर्षांची श्रिया बूट चढवता चढवता म्हणाली. बाबाला एवढंही माहीत नाही, याची तिला खरोखर कीव आली होती.

लेमूर न्यूझीलंडमध्ये नव्हते खरे, पण गेले दोन आठवडे त्यांच्या घरात दुसरा विषय नव्हता. जुलैच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, नायरी नावाची एक बाई शाळेच्या हॉलमध्ये मुलांचा एक वर्ग घेत होती. नायरी पन्नाशीची, थंडीतही हाफ पँट घालणारी. आठ वर्षं तिने मादागास्करच्या पावसाळी जंगलात लेमूर मोजत काढली होती. तिथल्या जंगलाच्या कडेला एक छोटी शाळा होती. तिथलं एक मूल आणि इथलं एक मूल अशा जोड्या तिने लावून दिल्या होत्या. तिथली मुलं आपल्या झाडांवरचे लेमूर मोजून कागद पाठवणार, इथली मुलं आपल्या रानातल्या प्राण्यांच्या पावलांचे ठसे पाठवणार. श्रियाच्या जोडीला फारा नावाची मुलगी आली होती. फाराने चित्रासकट पहिला कागद पाठवलासुद्धा: एका झाडावर तीन इंद्री, त्यातलं एक पिल्लू.

इंद्री म्हणजे सगळ्यांत मोठा लेमूर. पहिल्या दिवशी नायरीने हॉलमधले दिवे मालवून त्याचा आवाज ऐकवला. लांब, वर चढत जाणारी हाक. एक थांबली की कुठून तरी लांबून दुसरी. मागच्या खुर्चीवर बसलेल्या सुमेधाच्याही अंगावर काटा आला होता. "दाट जंगलात एकमेकांना दिसत नाहीत ते," नायरीने मुलांना सांगितलं, "म्हणून आवाजाने धरून ठेवतात एकमेकांना." मग तिने त्या नावाची गोष्ट सांगितली. कुणा परदेशी माणसाला वाटाड्याने बोट दाखवलं आणि आपल्या भाषेत म्हणाला, 'तो बघ तिकडे.' त्या माणसाला वाटलं, प्राण्याचं नावच ते. त्याने वहीत तसंच लिहून घेतलं. "खरं-खोटं देव जाणे," नायरी हसून म्हणाली, "पण जंगलात एक शब्द चुकीचा ऐकला, तर दोनशे वर्षं निस्तरत बसावं लागतं."

सुमेधाही हसली होती तेव्हा.

नियम दोनच होते. पहिला: आपल्या मोठ्या माणसाला सांगितल्याशिवाय आणि त्याचा होकार ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही. दुसरा: चुकलो असं वाटलं, की तिथल्या तिथे झाडाला पाठ लावून बसायचं आणि तीन हाका द्यायच्या, इंद्रीसारख्या. शिट्टी वाजवली तरी चालेल, पण तीनदाच. मग गप्प राहून ऐकायचं. प्रत्येक मुलाला दोरीत ओवलेली एक लाल शिट्टी मिळाली होती.

ती शिट्टी सुमेधाने पायवाटेच्या तोंडाशीच श्रियाच्या गळ्यातून काढून घेतली.

"आई! नायरी सेड..."

"दोरी फांदीत अडकली तर गळ्याला फास बसेल. मी आहे ना बरोबर? माझ्या सॅकमध्ये राहू दे."

दम्याचा पंपही तिच्याच सॅकमध्ये होता. श्रियाला थंडीत दम लागायचा, आणि तिच्या खिशातून वस्तू पडायच्या.

*

इथे याला 'बुश' म्हणतात. नवीन आल्यावर सुमेधाला वाटलं होतं, बुश म्हणजे झुडूप. वायनुइओमाता गावाच्या पुढचं हे झुडूप असं होतं, की भर दुपारी दीड वाजता आत शिरलं तर संध्याकाळ झाल्यासारखं वाटे. छताएवढे उंच नेचे, त्यांच्यावर रिमूची लोंबत्या पानांची झाडं, बुंध्यांवर शेवाळ, आणि पायांत अडकणाऱ्या काळ्या वेली. पुण्याहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न, "साप गं?" साप या देशातच नाहीत, असं शंभरदा सांगून झालं होतं. साप नसतील तर भ्यायचं कशाला, ते सुमेधाने स्वतःच शोधून ठेवलं होतं: निसरडी मुळं, ओढा, थंडी, आणि फोनला रेंज नसणं.

कालच मुलांनी वाटेवर वीस बोगदे मांडले होते. बोगदा म्हणजे काळ्या प्लॅस्टिकची हातभर लांबीची नळी. आत पांढरं कार्ड, मधोमध शाईचा पट्टा, त्यावर पीनट बटरचा गोळा. रात्री प्राणी येतो, खातो आणि शाईने भरलेले पाय घेऊन पलीकडून निघून जातो. दुसऱ्या दिवशी कार्ड काढलं, की कोण येऊन गेलं ते कळतं: उंदीर, की वेटा नावाचा इथला बोटभर लांबीचा नाकतोडा. प्रत्येक बोगद्यापाशी, आणि वाट कळावी म्हणून मधेमधेही, फांदीला गुलाबी फीत. पहिले दहा नायरीच्या गटाकडे, अकरा ते पंधरा सुमेधाकडे, पुढचे पाच दुसऱ्या वाटेने येणाऱ्या पालकांकडे. सुमेधाबरोबर श्रिया आणि तिची मैत्रीण माइया. तीन वाजता पाऊस येणार होता, त्याआधी कार्डं हातात यायला हवी होती. पंधरा नंबरचा बोगदा श्रियाने स्वतःच्या हाताने मांडलेला होता. त्याचं कार्ड फाराला जाणार होतं.

"आई, कॅन वी डू फिफ्टीन फर्स्ट? इट्स गोइंग टू रेन."

"ओळीने, बाळा. चष्मा पूस आधी."

बाराव्या बोगद्यापाशी श्रियाच्या बुटाची नाडी सुटली. सुमेधा माइयाला घेऊन पंचवीसेक पावलं पुढे, तेराव्यापाशी आली. वळून पाहिलं तर पिवळं जॅकेट वाकलेलं दिसत होतं. तिने हाक मारली, "श्रिया, ये गं लवकर!" आणि गुडघे टेकून, मान वाकडी करून, टॉर्चने बोगद्याच्या आत बघू लागली. कार्ड आत चिकटून बसलं होतं. ओढावं तर फाटेल, म्हणून ती नखाने हळूहळू सोडवत होती. माइया शेजारी दगडावर बसून तक्त्यात तारीख लिहीत होती.

"आई, येते हं," मागून श्रियाचा आवाज आला.

चक्क मराठीत! या पोरीला सगळं कळतं, पण तोंडातून मराठी काढायची म्हणजे सणासुदीला. सुमेधाला इतकं बरं वाटलं, की तिने मानही न वळवता तितक्याच प्रेमाने उत्तर दिलं, "हो, ये हं बाळा."

कार्ड निघालं. त्यावर बारीक बारीक टिंबं होती, रेषेत. उंदीर नव्हे, कसला तरी किडा असावा. "हे बघ श्रिया," म्हणत तिने ते पाठीमागे धरलं.

कुणी घेतलं नाही.

ती उठली. बाराव्या बोगद्याच्या वाटेकडे पाहिलं. पिवळं जॅकेट नव्हतं. वाटेला एक वळण होतं, ती वळणाआड असेल. मिनिटभर थांबली. येते म्हणाली ना, मग येईलच. "श्रियाऽ!" उत्तर नाही. आणखी एक मिनिट गेलं.

"माइया, तू इथेच बस. अजिबात हलू नकोस," म्हणून ती मागे पळाली.

बाराव्यापाशी कुणी नव्हतं. चिखलात बुटाचा ठसा आणि नाडीचं तुटलेलं टोक तेवढं पडलेलं. ती अकराव्यापर्यंत गेली. डाव्या हाताला उतार होता आणि उताराखाली ओढ्याचा आवाज. मघाशी हाच आवाज मंजूळ वाटला होता. ती उताराच्या कडेला उभी राहून ओरडली आणि ओढ्याने तिची हाक गिळली. नायरीने प्रत्येक गटाला दिलेल्या वॉकीटॉकीचं बटण तिने दाबलं.

"नायरी, श्रिया दिसत नाहीये."

"किती वेळ?" नायरीने विचारलं.

सुमेधाने घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं. ती थांबली होती, पळाली होती, हाका मारल्या होत्या, आणि नऊ मिनिटं गेली होती.

नायरी खालून वाटेने वर आली तेव्हा तेरा मिनिटं झाली होती. तिला धापही लागली नव्हती. "माझ्या वाटेवर नाही आली ती. शेवटचं काय म्हणाली? नेमके शब्द सांग."

"म्हणाली, आय ॲम कमिंग."

"म्हणजे तुझ्या मागे होती."

"मागे. बाराव्यापाशी."

"मग वाट सोडून खाली उतरली असेल." नायरी ओढ्याकडे बघू लागली. सॅकच्या बाजूच्या कप्प्यात शिट्टी होती, वरच्या कप्प्यात पंप. पाठीवर पोरीचं सगळं होतं. "तिला दमा आहे," ती म्हणाली. "थंडीत तिला... पंप माझ्याकडे आहे." नायरी झपाझप तेराव्याकडे निघाली.

त्या दोघी तेराव्यापाशी आल्या. माइया दगडावर तशीच बसली होती, पाय जुळवून.

"माइया," नायरी तिच्यासमोर उकिडवी बसली, "श्रिया कुठे गेली, तू पाहिलंस का?"

"हो. तिकडे." माइयाने पेन्सिल पुढे केली. मागे नव्हे, पुढे. चौदाव्याकडे.

"पुढे कशी जाईल?" सुमेधाचा आवाज चढला. "ती मागे होती!"

"नाही. नाडी बांधून आली ती. माझ्या शेजारीच उभी होती." माइया गोंधळून दोघींकडे पाहत होती. "मग तुला म्हणाली, 'येते'. ते बाय असतं ना? आमच्या घरून निघताना ती नेहमी म्हणते मला. आणि तू हो म्हणालीस. मग ती गेली."



रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी, 'बाय आई' म्हणून पळणाऱ्या पोरीची बॅग धरून ती थांबवायची. बाय नाही. काय म्हणायचं? कंटाळून श्रिया म्हणायची, येते. जाते म्हणायचं नाही, कधीच नाही. निघतानाही येतेच म्हणायचं. का, असं श्रियाने एकदा विचारलं होतं. तेव्हा सुमेधा म्हणाली होती, जाते म्हटलं की आईच्या पोटात धस्स होतं, म्हणून. सगळं मराठी या देशाच्या वाऱ्यावर उडून गेलं, तेवढा एक शब्द मात्र तिने पोरीच्या तोंडात पक्का बसवला होता.

आणि पोरीने नियम पाळला होता. सांगितलं होतं. होकार ऐकला होता.

"आधी का नाही सांगितलंस गं?" ती माइयाला म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला उत्तर कळलं.

"तू विचारलं नाहीस," माइया म्हणाली. "बस म्हणालीस."

*

नायरीने पलीकडच्या पालकांना बोलावून माइयाला त्यांच्या हवाली केलं. दोघी पुढे निघाल्या. चौदावा बोगदा रिकामा होता. कार्ड नव्हतं, आणि प्लॅस्टिकच्या कडेला पीनट बटरचं एक लहानसं बोट उमटलं होतं. सुमेधाने त्या खुणेला हात लावला. अजून ओली होती.

वीस पावलांवर एक झाड वाटेवर आडवं पडलेलं होतं, मुळांसकट. त्याच्याबरोबर वाटेवरची मधली गुलाबी फीतही मातीत गेली होती. "काल दुपारी उभं होतं हे," नायरी पुटपुटली. मग तिने उजवीकडे पाहिलं आणि एक सणसणीत शिवी दिली. पडलेल्या झाडाच्या शेंड्याकडून खाली घळीत, एकामागे एक, निळ्या फिती दिसत होत्या. "कुणीतरी जुन्या सापळ्यांच्या रांगेला लावलेल्या. काढायच्या राहून गेल्या. गुलाबी दिसली नाही, म्हणून यांच्या मागे गेली असेल ती."

पाऊस अडीचलाच आला. आधी वर पानांवर नुसता आवाज, मग थेंब.

सुमेधा घसरत, बसत, फांद्या धरत उतरत होती आणि ओरडत होती. श्रिया, श्रियू, बाळा, कुठे आहेस, ओ दे. तिसऱ्या निळ्या फितीपाशी नायरीने तिचा दंड धरला.

"थांब. तू सतत ओरडतेस. ती ओ देत असली तरी तुला ऐकू येणार नाही. तीन हाका. मग एक मिनिट गप्प."

"एक मिनिट? तिला श्वास..."

"एक मिनिट."

सुमेधाने तोंडाभोवती हात धरले. तिला ती हाक घालायची लाज वाटली होती हॉलमध्ये. आता तिच्या छातीतून ती निघाली, लांब, वर चढत जाणारी, शेवटी फाटलेली. एक. दोन. तीन. मग ती गप्प झाली. उभ्या जन्मात तिने इतकं अवघड काही केलं नव्हतं. ओढा, पाऊस, स्वतःच्या कानातले ठोके. आणि मग समोरून स्पष्ट टक्‌टक्‌ आणि एक शीळ. ती झेपावली.

"तुई," नायरी म्हणाली. "पक्षी आहे. नकला करतो मेला."

आणखी तीन फिती खाली. पुन्हा तीन हाका. पुन्हा ते मिनिट. काही नाही.

सुमेधाच्या मनात हिशेब चालू होता. सव्वीस मिनिटं. दम लागला असेल, तर हाक निघणार नाही तिच्या तोंडून. फुंकायला शिट्टी हवी होती. शिट्टी सॅकच्या बाजूच्या कप्प्यात, चालताना तिच्या कमरेला लागत होती.

तिसऱ्या वेळी तिचा आवाज बसलाच होता. कशीबशी तिसरी हाक घालून ती एका बुंध्याला टेकली.

ठक. ठक. ठक.

"तुई असेल," नायरी हळूच म्हणाली.

सुमेधाने हात वर केला. थांबलं होतं ते. पक्षी थांबत नाही असा. पुन्हा: ठक, ठक, ठक, आणि गप्प. कुणीतरी मोजत होतं. कुणीतरी तीन वाजवून ऐकत बसलं होतं.

"श्रिया आहे," ती म्हणाली आणि उतार न बघता निघाली.

एका मोठ्या रिमूला पाठ लावून श्रिया बसली होती. हातात दगड, शेजारी पोकळ झालेलं जुनं खोड. चष्म्यावर धुकं, ओठ पांढुरके, खांदे प्रत्येक श्वासाला वर खेचले जात होते. आई दिसल्यावरही तिने आणखी एकदा दगड आपटला, तीन पुरे करायला.

सुमेधा रडली नाही. पंप, त्याला लावायची स्पेसरची नळी. "हळू. आत घे. धर. एक, दोन, तीन, चार..." नायरीने आपलं जॅकेट दोघींवर धरलं होतं. पहिल्या मात्रेनंतर श्वासातली शीळ तशीच होती. दुसऱ्या, तिसऱ्या मात्रेनंतरही. सहाव्या मात्रेनंतर खांदे जरा खाली आले. दहा मिनिटांनी ओठांना रंग आला, आणि त्याबरोबर वाचाही.

"आय डिड द रूल," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण सूर तक्रारीचा होता. "आय टोल्ड यू. यू सेड, ये हं."

"हो," सुमेधा म्हणाली. "सांगितलंस तू. मीच म्हटलं."

"आर यू मॅड?"

"तुझ्यावर? नाही गं बाळा." तिने पोरीचा चष्मा पुसला. तिचेच हात एवढे ओले होते, की तो आणखी बरबटला.

श्रियाने जॅकेटची चेन उघडून आतून चौदा नंबरचं कार्ड काढलं. कोरडं होतं.

*

वर येताना नायरी पुढे, मधे श्रिया, मागे सुमेधा. सुमेधाने मनात ठरवून टाकलं होतं: गाडी, हीटर, घर. उद्यापासून हा वर्ग बंद. चारुदत्तला सांगण्याचं वाक्यही तयार होतं.

पडलेल्या झाडापाशी श्रिया थांबली. झाडाच्या पलीकडे, तीसेक पावलांवर, मघाशी आडव्या खोडामुळे श्रियाला न दिसलेली पुढची गुलाबी फीत पावसात हलत होती. पंधरा नंबर. बोगदा इथून दिसत होता, त्याच्या तोंडावरचा दगडसुद्धा. नायरीने सुमेधाकडे पाहिलं आणि ती आपल्या बुटाची नाडी तपासत बसली.

"फाराज् कार्ड," श्रिया एवढंच म्हणाली.

नाही, हा शब्द सुमेधाच्या जिभेवर होता. तिने श्रियाच्या पाठीला कान लावला. श्वास साफ होता, जवळजवळ. मग तिने सॅक उतरवली. बाजूच्या कप्प्यातून लाल शिट्टी काढली आणि दोरी पोरीच्या गळ्यात घातली. दुसरा पंप तिच्या खिशात टाकून चेन लावली.

श्रिया आईचं तोंड निरखत होती. "आई, ये..." म्हणाली आणि अडली. कपाळाला आठी पडली. मग एकेक अक्षर सुटं करत, जपून, ती म्हणाली, "आई, मी जाते."

सुमेधाच्या पोटात धस्स झालं. लहानपणी हा शब्द तोंडून निघाला, की आईचा हात ओठांवर येऊन बसायचा. तिचाही उजवा हात उचलला गेला होता. तो तिने श्रियाच्या खांद्यावर ठेवला आणि काढून घेतला.

"जा," ती म्हणाली.

पिवळं जॅकेट खोडावरून पलीकडे उतरलं. सुमेधा पावलं मोजत होती. बारा. वीस. सत्तावीस. जॅकेट फितीपाशी वाकलं. पाऊस वाढला होता. नायरीने नाडी तिसऱ्यांदा बांधली.

"आई! वेटा! ह्यूज वेटा फीट!" पलीकडून किंचाळी आली. कार्ड जॅकेटच्या आत गेलं. आणि मग, "येते!"

सुमेधाने उत्तर दिलं नाही. डोळ्यांवरचं पाणी पुसून, पिवळा ठिपका मोठा होतोय की लहान, ते ती बघत राहिली.